ऑफिसात गुण्यागोविंदाने नांदण्याचे काही उपाय

या महिन्याची पगाराची पावती हातात पडली आणि वाटलं, आपल्यासारख्यांना कोणीतरी नीट मार्गदर्शन करायला हवं. आपल्यासारखे म्हणजे ज्यांचं आडनाव ऐकून समोरचा जरा थबकतो ते. तडवी, पिंजारी, शेख, नवापूरकडचा ख्रिस्ती गावित. जळगावच्या एमआयडीसीत नोकरी करता करता जे शिकलो ते फुकट वाटतो आहे. घ्या.

सुरुवात अर्जापासून. शक्य असेल तर अर्जावर नाव लिहूच नका. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवून पाहिले होते. २००७ मध्ये तो अभ्यास छापून आला. मुस्लिम नावाच्या अर्जांना सवर्ण हिंदू नावांपेक्षा कितीतरी कमी बोलावणी आली. तेव्हा शिक्षण, अनुभव, फोन नंबर लिहा आणि नावाच्या जागी 'भेटीअंती' असं टाका.

तरीही बोलावणं आलंच, तर मुलाखतीत तुमच्या मराठीचं कौतुक होईल. "वा! मराठी किती स्वच्छ हो तुमचं!" मी यावल तालुक्यातला. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, आजा दुसऱ्याच्या केळीच्या बागेत राबून गेला. मी काय अरबी बोलणार होतो? पण हे मनात ठेवायचं. तोंडाने "थँक्यू सर".

मग हमखास प्रश्न येतो, "तडवी म्हणजे नक्की कोण?" खरं उत्तर असं, की आम्ही तडवी भिल्ल. नमाज पढतो आणि जातीचा दाखला अनुसूचित जमातीचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशांत अनुसूचित जातींना धर्माची अट घातली आहे, जमातींना नाही. एवढं समजावून सांगितलं की साहेबांचा चेहरा उजळतो. "म्हणजे तुमचं दोन्हीकडून चाललंय!" खासगी कंपनीत आरक्षण नसतं, हे त्यांना सांगू नका. आनंदावर विरजण कशाला घालायचं?

गावितभाऊंनी नाताळची सुट्टी मागू नये. मागितलीच, तर "किती मिळाले धर्म बदलायला?" या प्रश्नाला आकडा तयार ठेवावा.

डब्यात शक्यतो भरीत न्यावं. वांग्याचं, आसोद्याकडचं, हिरव्या मिरचीचं, सोबत कळण्याची भाकरी. तरीही कोणीतरी झाकणाकडे वाकून "आज गुरुवार आहे भो, नॉनव्हेज तर नाही ना?" विचारेल. डबा पुढे करा, तपासू द्या. तोच माणूस रविवारी सकाळी फोन करून चांगलं मटण कुठे मिळतं ते विचारेल. त्यालाही नीट पत्ता सांगा. ईदच्या आधी आठवडाभर "शीरखुर्मा कधी?" म्हणून पाठीवर थाप मारणाराही तोच असतो. डबा मोठा न्या.

जगात कुठेही काही घडलं की निषेधाचा मसुदा फोनमध्ये तयार असू द्या. काबूल असो की मालेगाव, उत्तर तुम्हीच द्यायचं आहे.

फोटोला मात्र पुढे उभे राहा. २६ जानेवारीला संविधानाची प्रस्तावना वाचायला तुम्हालाच बोलावतील, कारण तुमचं मराठी स्वच्छ आहे. खंडेनवमीला मशीनच्या पूजेचे नारळ, झेंडूची फुलं, आंब्याची पानं मीच बाजारातून आणतो. माझ्याकडे मोटरसायकल आहे, आणि खरं सांगतो, मला आवडतं. तोरणही मीच बांधतो. त्याचा फोटो कंपनीच्या पानावर गेला, खाली 'हाच आमचा परिवार'. लाइक भरपूर आले. वाढ देताना मात्र शेऱ्याच्या रकान्यात आलं, 'टीममध्ये मिसळत नाहीत'.

आता शुक्रवारचा उपाय. हा जरा सविस्तर सांगावा लागेल.

आमची जेवणाची सुट्टी एक ते पावणेदोन. जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाची, जमात दीडला उभी राहते. मी डबा न खाता निघतो, नमाज पढून परत येतो तोवर दोन वाजत आलेले असतात. म्हणजे उशीर होतो पंधरा मिनिटांचा. संध्याकाळी इंदूरची गाडी भरेपर्यंत थांबून मालाच्या वाहतुकीचं ई-वे बिल मीच काढतो, त्या तासांचा हिशेब मी कधी मागितलेला नाही. कोणी द्यायलाही आलेलं नाही. आता एचआरने नवा नियम काढला. सुट्टीनंतर हजेरीच्या मशीनवर पंच उशिरा पडला की हाफ डे. नियम सगळ्यांना सारखा. फार छान! मग महिन्याची पावती आली, त्यात माझे सगळे शुक्रवार अर्धे.

आणि सोमवार ते गुरुवार कोणाचे? गेटबाहेरच्या टपरीवर चहा, पुडी, मॅचचा स्कोअर, आणि सव्वादोनला डुलत डुलत आत येणारी मंडळी? त्यांचाही अंगठा त्याच मशीनवर पडतो. हाफ डे पडल्याचं एकाने तरी सांगावं. नवीन शेडची वास्तुशांत झाली, सत्यनारायण झाला, दोन तास लाइन बंद होती, प्रसादाच्या पंगतीला मीच वाढत होतो. उत्पादन थांबलं म्हणून कोणाचा पगार कापला? कापू नयेच. सत्यनारायणाला थांबावं, मी स्वतः थांबलो, शिरा दोनदा घेतला. नवरात्रात लोक अनवाणी येतात, साहेब त्यांना सेफ्टी शूजची सूट देतात, कौतुकाने देतात. द्यावी. पण माझी पंधरा मिनिटं कंपनीला एवढी जड होतात?

हे सगळं घेऊन एचआरकडे गेलो. एचआरच्या दारावर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समितीची पाटी आहे, २०१३ च्या कायद्याने लावावीच लागते. मी विचारलं, धर्मावरून त्रास झाला तर पाटी कुठली? ते हसले. म्हणाले, "आपल्याकडे तसं काही नाहीच ना भाऊ." समिती नाही असं म्हणायचं होतं की त्रास नाही असं, ते मी विचारलं नाही.

कायद्याचाही एक उपाय सांगून ठेवतो. संविधानाचं कलम १६ धर्मावरून नोकरीत भेदभाव करायला मनाई करतं, पण ते सरकारी नोकरीपुरतं. खासगी मालकाला धर्माचं नाव घेऊन थेट अडवणारा सर्वसाधारण कायदा आपल्या देशात नाही. आपल्या राज्यात अनुचित कामगार प्रथांविरुद्ध १९७१ चा कायदा आहे. त्याच्या चौथ्या अनुसूचीत गुणवत्ता सोडून एका गटावर मेहेरबानी करणं ही अनुचित प्रथा म्हटली आहे. वाचायला छान वाटतं. आता औद्योगिक न्यायालयात वकील घेऊन जायचं आणि टपरीवरच्या मंडळींच्या पंचाची नोंद सिद्ध करायची. नोंद कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये आणि साक्षीदार कंपनीच्या पगारावर. जा मग.

नाहीतर सोपा उपाय आहे. गप्प बसा. हसून घ्या. "चलतंय भो" म्हणा. मुलांना सांगा की ऑफिसात सगळे फार चांगले आहेत.

बास. मला हे उपाय-बिपाय आता लिहवत नाही.

साहेब, तुम्ही वाईट माणूस नाही, हे मला माहीत आहे. माझी आई सिव्हिलला होती तेव्हा तुम्ही न मागता ॲडव्हान्स दिलात. म्हणूनच जास्त राग येतो. नियम तुम्ही लिहिला, तो शुक्रवारी दुपारी दोन वाजता कोणाला लागणार हे तुम्हाला कळत नव्हतं, असं मी मानायचं? पगार कापायचा तर सगळ्यांचा पंच काढा, सगळ्या दिवसांचा काढा, यादी नोटीस बोर्डावर लावा. यादीत माझं नाव वर असलं तर मी तोंड उघडणार नाही. नसलं तर माझे पैसे परत करा. मेहेरबानी नको आहे. आणि 'तू आपलाच आहेस' हे तर मुळीच नको, आपल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

आणि तुम्ही, माझ्या शेजारच्या टेबलावरचे. तुमच्यावर तर त्याहून जास्त. मीटिंगमध्ये मी हा विषय काढला तेव्हा तुम्ही सगळे मोबाइलमध्ये बघत होता. सव्वादोनला येणारे तुम्हीच आहात, माझ्या डब्यातलं भरीत खाणारे तुम्हीच आहात. एकालाही "आम्हीपण उशिरा येतो, आमचा पगार का नाही कापला?" एवढं म्हणता आलं नाही? तुमची नोकरी गेली नसती. फार तर साहेबांनी एकदा डोळे वटारले असते. नंतर जिन्यात गाठून, आजूबाजूला बघून, "तुझ्यावर अन्याय झाला भो" म्हणायला मात्र तिघं आलात. मला ते माहीत आहे, माझाच पगार कापलाय. बोलायचं असेल तर पुढच्या मीटिंगला साहेबांसमोर बोला. तिथे जमत नसेल तर जिन्यात मला अडवू नका, मला गाडीचं बिल काढायचं असतं.