दुखणं म्हणजे लिहायला मिळालेली रजा नव्हे

आज दुपारी एका पुस्तक प्रकाशनाला गेले होते. चिकनगुनियानंतर पहिल्यांदाच एवढा वेळ खुर्चीत बसले, म्हणून मनातून खूश होते. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलापाशी एक ज्येष्ठ गृहस्थ भेटले. चांगले वाचणारे आहेत, माझ्या आधीच्या कादंबऱ्या त्यांनी मनापासून वाचल्यात. नाव घेत नाही. चहाचा कप मी दोन्ही हातांनी धरला होता, कारण भरलेला कप एका हाताला अजून पेलत नाही. हे त्यांना समोर दिसत होतं. तरी म्हणाले, "बरंच झालं की हो! इतके महिने सक्तीची विश्रांती. कादंबरी हातावेगळी झाली असेल." आणि वर, "साने गुरुजींनी 'श्यामची आई' तुरुंगात चार-पाच दिवसांत लिहिली. तुम्ही तर घरी होतात, आयतं खाऊन-पिऊन!"

कप खाली ठेवला आणि निघून आले. तिथे एक शब्द बोलता आला नाही. रिक्षात बसल्यावर सगळं सुचलं, ते इथे लिहिते आहे. तुम्ही सगळे पुस्तकांतली माणसं, तुम्हाला फोड करून सांगायची गरज नाही. पण बोलल्याशिवाय आज झोप लागायची नाही.

२०२४ चा पुण्यातला पावसाळा आठवतो ना? आमच्या सोसायटीत जो तो जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरत होता. कुणाच्या नाकावर काळे डाग, कुणाचे घोटे सुजलेले. त्यात मीही. ताप आठवड्याच्या आत गेला. लोकांना वाटतं ताप गेला की दुखणं गेलं. चिकनगुनियात खरी गंमत तापानंतर सुरू होते असं डॉक्टरच म्हणाले, आणि मला त्यांचा तो शब्द अजिबात आवडला नाही. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत. मिटली तर उघडत नाहीत. गॅसचं बटण दाबून फिरवणं, पेस्टच्या ट्यूबचं झाकण, ब्लाउजचे हूक, एकेक गोष्ट कुणाला तरी सांगावी लागते. विषाणूवर औषध नाही. वेदनाशामक, गरम पाण्याचा शेक, रबरी चेंडू दाबायचा, आणि वाट बघायची. काहींचं काही आठवड्यांत निभावतं, काहींचं महिनोन्‌महिने चालतं. माझं महिनोन्‌महिने चाललंय.

आणि मी हाताने लिहिते. फुलस्केप कागदावर, एका बाजूला. माझी पहिली ओळ कधीच स्क्रीनवर उमटलेली नाही.

आता सांगा, यात रजा कुठे आहे?

"मग वाचन तरी भरपूर झालं असेल," हे दुसरं वाक्य. हे तर प्रत्येकाने म्हटलंय. अहो, वाचायलाही अंग लागतं! तापात डोळ्यांच्या खोबणी दुखायच्या, उजेड नको व्हायचा. ताप उतरल्यावर हौसेने एक जाडजूड कादंबरी हातात घेतली, तर मनगटाने पहिल्याच पानाला नकार दिला. चारशे-पाचशे पानांचं बांधीव पुस्तक छातीवर धरून पडल्या पडल्या वाचायचं, हे सुख धडधाकट मनगटाचं असतं. मग जुने दिवाळी अंक काढले, ते हलके म्हणून. एक-एक कथा. तीही अर्ध्यात सोडायची, कारण पान उलटताना अंगठ्याच्या मुळापासून कळ यायची.

तेव्हा आई आली. माझी आई ऐंशीच्या पुढची, माहेर-सासर दोन्ही बार्शीचं. मला चार पावलं चालताना बघितलं आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "अगं, हे तर आमचं त्र्याहत्तरचं दुखणं." १९७३ साली बार्शीत चिकनगुनियाची मोठी साथ आली होती, याची नोंद वैद्यकीय अभ्यासात आहे. आईला अभ्यासाशी काय करायचंय. तिला एवढंच आठवतं की दुष्काळ नुकताच सोसून झाला होता, घरोघरी पिंपं-रांजण भरून ठेवलेले असायचे, आणि अख्खी गल्ली कमरेत वाकून चालायची. पाणी शेंदायला कुणाचे हात चालत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने तिचा पोथी ठेवायचा घडीचा लाकडी स्टँड माझ्यासमोर मांडला आणि त्यावर ती जाडी कादंबरी उघडून ठेवली. स्वतः शेजारी बसली. मी वाचायचं आणि पान तिने उलटायचं. पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून, चष्मा पुढे सरकवून ती विचारायची, "उलटू का?" सुरुवातीला मी मान हलवली की ती उलटायची. थोड्या दिवसांनी मी मान हलवली तर म्हणाली, "थांब की, माझं व्हायचंय अजून."

तीही वाचत होती! जन्मभर हरिविजय, पांडवप्रताप वाचलेली बाई. कादंबरी तिने कधी हातात धरली नव्हती. माझीसुद्धा नाही, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. ती माझ्या खांद्यावरून एकेक ओळ ओठांत पुटपुटत वाचायची आणि तिचं होईपर्यंत मला थांबायला लागायचं. मी भराभर वाचणारी बाई. तिच्यासाठी थांबताना मी तेच पान पुन्हा वाचायची, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या लेखकाने दार कुठे उघडं ठेवलंय, कुणाला मुद्दाम बोलू दिलं नाहीये, हे दिसायचं. इतक्या वर्षांत एवढं सावकाश मी काही वाचलेलं नाही.

पण म्हणून कुणी "बघा, आजारपणाने काहीतरी दिलंच की" असं म्हणायला येऊ नका. दिलं ते आईने. दुखण्याने काही दिलेलं नाही. हे दोन हिशेब मी एकत्र करू देणार नाही.

साने गुरुजींचंच घ्या. नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, मोजक्या दिवसांत पुस्तक लिहिलं गेलं हे खरं. पण त्याआधी अमळनेरच्या छात्रालयात हाच माणूस मुलांसाठी रोज हाताने दैनिक लिहून काढत होता. आई तर त्यांच्या मनात लहानपणापासून होती. आयुष्यभराचं साठलेलं त्या थोड्या दिवसांत कागदावर उतरलं, आणि आपण शंभरेक वर्षं फक्त दिवस मोजतोय. शिवाय त्यांची बोटं मिटत होती, हे कुणी लक्षात घेतं का?

आणि नाटककार राम गणेश गडकरी! शेवटच्या दुखण्यात 'भावबंधन' नाटक कसं पुरं केलं, ही गोष्ट आपण किती कौतुकाने सांगतो. जानेवारी १९१९, सावनेर, वय अवघं ३३. ऐकताना अंगावर काटा येतो, मलाही येतो. पण त्याच माणसाचं 'राजसंन्यास' अपुरं राहिलं, ते त्याच दमात का सांगत नाही कुणी? दुखणं लिहून घेतं असं म्हणायचं असेल तर दुखणं लिहायचं थांबवतं हेही म्हणा. जॉर्ज ऑर्वेल स्कॉटलंडच्या जुरा बेटावर क्षयाने खंगत होता. टायपिस्ट तिथे यायला मिळाला नाही म्हणून '१९८४' या शेवटच्या कादंबरीची प्रत अंथरुणात बसून स्वतः बडवत राहिला. पुस्तक जून १९४९ मध्ये आलं आणि जानेवारी १९५० मध्ये तो गेला, ४६ व्या वर्षी. ही प्रेरणादायी गोष्ट आहे? मला तर संताप येतो. एक टायपिस्ट मिळायला हवा होता त्या माणसाला.

हो, दुखण्यात काही जणांनी थोर लिहिलंय. मान्य. ते दुखण्याला झुगारून लिहिलं, एवढंच माझं म्हणणं.

"मग बोलून टाइप करा ना," असं तरुण मंडळी सांगतात. केलं. ही पोस्टही निम्मी तशीच लिहिली आहे. निरोपाला, पत्राला उत्तम. पण माझी कादंबरी बार्शी लाइटवर आहे. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी, १८९७ साली बार्शी आणि बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, यांच्यामध्ये सुरू झाली. पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. वारीच्या दिवसांत मालाच्या डब्यांतूनही वारकरी भरून न्यायची. तिच्यावरचा एक गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारा कामगार, माझा नायक आहे आणि तो त्याच्या बोलीत बोलतो. मी म्हणते "आलतो", मोबाइल लिहितो "आलो होतो". मी म्हणते "कुटं गेलता", तो लिहितो "कुठे गेला होता". एका दुपारी पानभर संवाद सांगितले आणि वाचायला घेतले, तर माझा गँगमन पुण्यातल्या बँकेत नोकरीला लागल्यासारखा बोलत होता. सगळं पुसलं. त्या दिवशी मी रडले, आणि ते दुखण्यापायी नव्हतं.

आई तेव्हा आतून आली. तिला वाटलं हात दुखतोय. मी सांगितलं काय झालं ते. ती म्हणाली, "मला सांग, मी म्हणून दाखवते, तू ऐक." आणि मग गँगमनचं एकेक वाक्य ती बार्शीच्या तोंडाने म्हणायची. कधी म्हणायची, असं नाही म्हणायचं कुणी, असं म्हणायचे. मी ऐकून ठेवायची. संध्याकाळी बोटं जरा सैल झाली की तेवढं उतरवायची. मुलीने सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबची पट्टी आणून पेनाला गुंडाळून दिलीय. पेन अंगठ्याएवढं जाड झालंय, पण घट्ट धरावं लागत नाही. अक्षर माझं राहिलेलं नाही. मोठं, तिरकं, तिसरीतल्या पोरीचं. तरी शाई कागदावर पडताना बघितली तेव्हा जिवात जीव आला.

रोज अर्धं पान. कधी चार ओळी. दुसरा भाग संपत आलाय. तिसऱ्याच्या टिपणांची वही तयार आहे, त्यात हात घातलेला नाही. प्रकाशकांनी तारीख विचारलेली नाही आणि त्यासाठी मी त्यांची आभारी आहे. दिवाळीच्या आधी यावी अशी फार इच्छा होती, ती मी सोडून दिली आहे. सोडताना फार जड गेलं. गाडी घाट चढत असताना पुस्तक मध्येच उभं आहे, वाफ धरून, आणि मला ते रोज पहाटे दिसतं. मला त्याची आठवण करून द्यायला चहाच्या टेबलावर कुणी भेटायची गरज नाही.

आता राग थोडा निवळलाय, म्हणून हेही लिहिते. लोक विचारतात ते मायेने विचारतात. पुस्तकाची वाट बघणारं कुणी असणं ही केवढी गोष्ट आहे, मराठीत तर फारच. त्या गृहस्थांनाही दुखवायचं नव्हतं. पण दुखण्यातून उठणाऱ्या माणसाला आधी "हात कसा आहे" विचारावं आणि उत्तर ऐकायला थांबावं. आमच्या शेजारच्या काकू लिहिण्यातलं काही जाणत नाहीत. त्या संध्याकाळी यायच्या, चहा ठेवायच्या, गाळून माझा कप अर्धाच भरायच्या, म्हणजे मला उचलता यावा. त्या एकदाही कादंबरीविषयी बोलल्या नाहीत. माझ्या घरी त्या दिवसांत आलेल्या कित्येक साहित्यप्रेमींपेक्षा त्यांना जास्त कळत होतं.

आणखी एक, "लेखकाला काय, आजारपणही अनुभवच" असं म्हणणाऱ्यांसाठी. माझ्या तिसऱ्या भागात १९७३ ची साथ येते. ते प्रकरण मी आजारी पडायच्या कितीतरी आधी आखलंय, आईच्या तोंडून ऐकून. आता ते लिहीन तेव्हा मनगटाची कळ ठाऊक असलेली बाई लिहील, हे कबूल करते. तेवढ्यासाठी कुणी हे दुखणं माझ्यासाठी मागून घेतलं असतं का? आईची पाठ अजूनही पहाटे धरते. पन्नास वर्षं झाली, तिला विचारा हा अनुभव कसा वाटतो.

काल तिने ती जाडी कादंबरी संपवली. मी आधीच संपवली होती, कारण मधल्या दिवसांत मला थोडं थोडं हातात धरता यायला लागलं होतं. ती स्टँडवर एकटी वाचत होती, स्वतःच पानं उलटत. शेवट तिला पटलेला नाही. त्या थोरल्या सुनेला लेखकाने परत घरी आणायला नको होतं, असं तिचं ठाम म्हणणं आहे, आणि जेवताना त्यावर आमचं भांडण झालं. मला तो शेवट बरोबर वाटतो. आता ती विचारतेय, दुसरी आहे का अशी मोठी. वाचनालयातून तिच्यासाठी मोठ्या टाइपातली काय आणावी, सुचवा. देवाधर्माचं नको म्हणालीय.

आणि एक काम आहे. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये किंवा बार्शी लाइटच्या मार्गावर गँगमन, फायरमन, पॉइंट्समन म्हणून काम केलेलं कुणी तुमच्या ओळखीत, घरात असेल, अगदी वयस्कर का असेनात, तर मला कळवा. रुळावरची रात्रपाळी कशी असायची, पावसाळ्यात कंदील कसा सांभाळायचे, हातोडीला कुठलं लाकूड लावायचे, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. फोनवर बोलू. लिहून पाठवलंत तरी चालेल, पण उत्तराला मला वेळ लागेल.