माकडं अजून शिल्लक कशी? उत्क्रांतीवरच्या त्या फिरत्या मेसेजला उत्तर

उत्क्रांती खोटी आहे असं 'सिद्ध' करणारा तो लांबलचक मेसेज परत फिरायला लागलाय. दर वेळी दोन-चार ओळी बदललेल्या असतात, मसाला तोच. उत्क्रांती ही नुसती थिअरी आहे, माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून कशी शिल्लक, मधले दुवे सापडलेच नाहीत, डोळ्यासारखी गोष्ट आपोआप होऊच शकत नाही, कोणी पाहिलंय का हे होताना, आणि शेवटी काय तर डार्विननेच मरताना माघार घेतली होती म्हणे. सोडून दिलं असतं, पण चांगली शिकलेली माणसंसुद्धा "विचार करण्यासारखं आहे" म्हणून पुढे ढकलतायत, तर करूच विचार.

माकडांपासून सुरुवात करू कारण लोकांना हाच प्रश्न सगळ्यात बिनतोड वाटतो. आजचे चिंपांझी आपले पूर्वज आहेत असं उत्क्रांती म्हणतच नाही. चिंपांझी आणि आपण, दोघांचा पूर्वज एक, साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा, तो आता नाहीये, त्याच्या वंशाची एक फांदी चिंपांझीकडे गेली आणि एक आपल्याकडे. चुलतभाऊ हयात आहे म्हणून आजोबा झालेच नाहीत असं कोणी म्हणतं का?

पण "पूर्वज एक, हे तरी कशावरून?" असं कोणी विचारलं तर तो खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मला सगळ्यात भारी वाटतं. माणसाच्या पेशीत ४६ क्रोमोसोम (डीएनएच्या लांब गुंडाळ्या, ज्यांच्यावर जीन्स असतात), म्हणजे २३ जोड्या. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान सगळ्यांत ४८, म्हणजे २४ जोड्या. मग आपली एक जोडी गेली कुठे? आख्खी जोडी गायब झाली असती तर तिच्यावरचे शेकडो जीन्स गेले असते आणि तो जीव जगलाच नसता. म्हणजे दोन क्रोमोसोम एकमेकांना जोडले जाऊन एक झाला असणार, आणि तसं झालं असेल तर खुणा राहायला पाहिजेत. क्रोमोसोमच्या दोन्ही टोकांना टेलोमिअर असतो, तिथे डीएनएची टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं परत परत येतात, आणि मध्ये कुठेतरी एकच सेंट्रोमिअर असतो, म्हणजे पेशी दुभंगताना क्रोमोसोम जिथे धरला जातो ती जागा. म्हणजे जोडल्या गेलेल्या क्रोमोसोममध्ये टोकाची ही अक्षरं भलतीकडेच, पार आत सापडायला हवीत, तीही एकमेकांकडे तोंड करून, आणि सेंट्रोमिअर दोन हवेत, एक चालू आणि एक बंद पडलेला. १९९१ मध्ये माणसाच्या २ नंबरच्या क्रोमोसोममध्ये हा सांधा सापडला, अक्षरं थोडी बिघडलेली (लाखो वर्षांत बिघडणारच), पण तोंडं समोरासमोर. बंद पडलेल्या सेंट्रोमिअरचे अवशेषही आहेत, आणि या एका क्रोमोसोमचे दोन भाग चिंपांझीच्या दोन वेगवेगळ्या क्रोमोसोमशी जुळतात. माणूस जर अगदी स्वतंत्रपणे घडवला गेला असेल तर हा सांधा तिथे काय करतोय, एवढं मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

"नुसती थिअरी" या शब्दावरून मला भांडायचं नाही. थिअरी म्हणा नाहीतर अजून काही म्हणा, तिने आधी सांगितलेलं नंतर खरं निघतं का ते बघा. जीवाश्म शोधणारा शास्त्रज्ञ नील शुबिन आणि त्याच्या साथीदारांनी असा हिशोब केला की ३८.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात मासेच मासे आहेत, ३६.५ कोटीच्या आसपास बऱ्यापैकी पायवाले प्राणी दिसतात, तर मधल्या काळातल्या, उथळ नदीच्या गाळाच्या खडकात शोधावं. असे खडक कॅनडाच्या पार उत्तरेला एल्समिअर बेटावर होते. तिथे काही मोसम जवळपास रिकाम्या हाताने घालवल्यावर २००४ मध्ये टिक्टालिक नावाच्या प्राण्याचा जीवाश्म सापडला, वय ३७.५ कोटी वर्षं. अंगावर खवले, माशासारखे पर, पण डोकं मगरीसारखं चपटं, मान वळवता येणारी (माशांना मान नसते), आणि परांच्या आत मनगटासारखी हाडं.

यावर थोडं वाचलेला विरोधक लगेच पोलंडचे ठसे काढतो, आणि ते खरे आहेत, २०१० मध्ये तिथल्या ३९ कोटी वर्षं जुन्या खडकात चार पायांच्या प्राण्याच्या पाऊलखुणा असल्याचं जाहीर झालं, त्या नक्की कोणाच्या यावर वादही झाला. त्या खऱ्याच असतील तर टिक्टालिक हा थेट पूर्वज नाही, जुन्या प्रकारातला मागे राहिलेला एक भाऊबंद ठरतो आणि बदलाची तारीख मागे सरकते. पण मासा आणि चौपाया यांच्या मधलं शरीर असतं, हे त्याच्या हाडांत दिसतंय ते काय पुसलं जातं? मधला दुवा म्हणजे आपला थेट खापरपणजोबाच पाहिजे असं काही नसतं. व्हेलचंही तसंच, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे पाय असलेले व्हेलचे नातेवाईक एकामागोमाग एक सापडलेत. डीएनएवाले आधीपासून सांगत होते की व्हेलचं नातं हिप्पोच्या गटाशी आहे, आणि २००१ मध्ये त्या जुन्या व्हेलच्या घोट्याचं हाड मिळालं तर ते हिप्पो-हरणांच्या गटातच असतं तसं निघालं. एक प्रयोगशाळेतून आलं, एक खडकातून, आणि दोन्ही एकाच जागी पोचले.

डोळ्याच्या मुद्द्यात तर सरळ लबाडी आहे. डोळा नैसर्गिक निवडीतून झाला हे म्हणणं विचित्र वाटतं असं डार्विनने लिहिलंय खरं, पण लगेच पुढे ते कसं शक्य आहे तेही लिहिलंय, मेसेजमध्ये पहिला अर्धाच येतो. मधल्या पायऱ्या आजही जिवंत आहेत. प्लॅनेरिया या चपट्या किड्याला नुसती उजेड कुठून येतो ते कळणारी खोलगट वाटी, नॉटिलस या शंखवाल्या समुद्री प्राण्याला बारीक भोकाचा पण लेन्स नसलेला डोळा, ऑक्टोपसला लेन्ससकट पूर्ण डोळा, आणि ज्याला त्याला आपापल्या डोळ्याचा उपयोग होतोच. आपल्या डोळ्यात तर नसांची वायरिंग पडद्याच्या पुढून जाते, ती बाहेर पडते तिथे आपल्याला काहीच दिसत नाही. ऑक्टोपसला हा आंधळा ठिपका नाहीये. मुद्दाम डिझाइन केलं म्हणायचं तर चांगला माल ऑक्टोपसला गेला!

"कोणी पाहिलंय?" पाहिलंय की. रिचर्ड लेन्स्की या शास्त्रज्ञाने १९८८ मध्ये ई. कोलाय बॅक्टेरियाच्या १२ वसाहती वेगवेगळ्या वाढवायला घेतल्या आणि दर ५०० पिढ्यांनी नमुने गोठवून ठेवले. ज्या द्रवात ते वाढत होते त्यात सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) भरपूर होतं, पण ऑक्सिजन असताना ई. कोलायला ते खाता येत नाही. साधारण ३१,५०० पिढ्यांच्या सुमारास एका वसाहतीला ते जमलं. मग त्याच वसाहतीचे जुने नमुने वितळवून खेळ परत मांडला, तर जमलं ते बऱ्याच पुढच्या पिढ्यांच्या नमुन्यांनाच, म्हणजे वाटेत आधीचे काही बदल साठून तयारी झालेली होती. "शेवटी बॅक्टेरिया ते बॅक्टेरियाच राहिले ना" असं यावर ऐकवतात. मग काय फ्लास्कमधून उंदीर यायला हवा होता? तसा आला असता तर उलट उत्क्रांतीच खोटी ठरली असती. फ्लास्क नको असेल तर गॅलापागोसमधल्या डॅफ्ने मेजर बेटावरचं बघा, १९७७ च्या दुष्काळात छोट्या बिया संपल्या, मोठी कडक बी फोडू शकणाऱ्या जाड चोचीच्या फिंच (चिमणीएवढे पक्षी) जास्त जगल्या, आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच मोठी निघाली. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ जोडपं १९७३ पासून तिथे पक्षी धरून चोची मोजत होते, म्हणून हे आकड्यांत आहे.

थर्मोडायनामिक्सच्या दुसऱ्या नियमाचा एक पॅरा असतो मेसेजमध्ये, की गोष्टी आपोआप विस्कळीतच होत जातात, मग साध्या जीवातून गुंतागुंतीचा जीव होणार कसा. तो नियम तसा लागू पडतो ते बाहेरून ऊर्जा येत नाही अशा व्यवस्थेला आणि पृथ्वीवर सूर्याची ऊर्जा सतत येतेय, पुढे बोलण्यासारखं त्यात काही नाही.

राहिली डार्विनची माघार. ही गोष्ट १९१५ मध्ये लेडी होप नावाच्या बाईंच्या नावाने छापून आली, डार्विन गेला १८८२ मध्ये. त्याची मुलगी हेन्रिएटा शेवटच्या दिवसांत त्याच्याजवळ होती, तिने १९२२ मध्ये लिहून सांगितलं की असं काही घडलंच नाही. आणि समजा घेतली असती माघार, तर? १९९१ चा सांधा, २००१ चा घोटा, २००४ चा टिक्टालिक, यातलं काहीच त्याने पाहिलेलं नव्हतं.