कॅनडातील तात्पुरत्या ऑफिस नोकऱ्यांविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

‘पर्यटक व्हिसावर टोरांटोला या, नोंदणी शुल्क भरा, एजन्सी लगेच ऑफिसात काम देईल’ असा संदेश जळगाव, धुळे व नंदुरबारमधील व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. नव्याने आलेल्यांना फायलिंग, डेटा एंट्री, रिसेप्शन अशी अल्पमुदतीची कामे तिथे एजन्सीमार्फत मिळतात, एवढेच त्यात खरे आहे.

पर्यटक व्हिसा हा नोकरीचा परवाना नव्हे. कामासाठी वर्क परमिट लागते. शिवाय टोरांटो ज्या ओंटारिओ प्रांतात आहे, तिथल्या २००० सालच्या रोजगार मानके कायद्यानुसार अशा एजन्सीला कामगाराकडून नोंदणीचे किंवा काम लावून देण्याचे पैसे घेता येत नाहीत, तिचा मोबदला मनुष्यबळ मागवणारी कंपनी देते, आणि १ जुलै २०२४ पासून तिला परवाना बंधनकारक असून परवानाधारकांची माहिती प्रांत सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आपल्याकडेही १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी आवश्यक आहे. ती केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते.

कपाशीचे किंवा केळीचे हाती आलेले पैसे मुलांच्या भविष्यासाठी अशा ठिकाणी भरण्याच्या विचारात काही कुटुंबे असतील, याची मला खरी काळजी वाटते. म्हणून कृपया तो संदेश पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा कळवा.