पुढच्या वर्षी नक्की

शिडाची नौका घ्यावी, किनाऱ्याकिनाऱ्याने भटकावे, मनाला येईल त्या खाडीत नांगर टाकावा आणि सकाळी केबिनच्या झरोक्यातून उगवता सूर्य पाहावा, हे माझे स्वप्न 21 वर्षांचे झाले तेव्हा त्यातील 20 वर्षे ते 'पुढच्या वर्षी नक्की' या सदराखाली सुखरूप जपलेले होते. वापरलेली वस्तू झिजते, पण न वापरलेले स्वप्न मात्र वाढत जाते. माझे स्वप्न 26 फुटांपासून सुरू झाले, अकराव्या वर्षी ते 34 फुटांवर गेले आणि अठराव्या वर्षी त्याने 42 फूट गाठले. या सगळ्या काळात समुद्राशी नाते सांगणारी एकच वस्तू माझ्या मालकीची होती, ती म्हणजे गाठी शिकण्यासाठी घेतलेला दोन मीटरचा दोर. त्याने मी रोज रात्री खुर्चीच्या पायाला बोलाइनची गाठ मारत असे. ही गाठ कितीही ताण आला तरी सरकत नाही आणि ताण गेला की सहज सुटते, अशी तिची ख्याती आहे. माझी गाठ ताण येण्याआधीच सुटत असे, आणि जी सुटली नाही तिच्यामुळे एकदा पत्नी खुर्चीसकट स्वयंपाकघराच्या दाराशी अडखळली.

लांबणीवर टाकणाऱ्या माणसाला लोक उगाच आळशी समजतात. त्याच्याइतकी तयारी दुसरे कोणी करत नाही. नौका घ्यायची नाही असे मी एकदाही म्हटले नाही. मी फक्त आधी मुलांच्या परीक्षा, मग घराचे हप्ते, मग गळके छप्पर आणि शेवटी माझा उजवा गुडघा असे क्रम लावत गेलो. दरम्यान अभ्यास मात्र अखंड चालू होता. एक डोलकाठी बरी की दोन, एकाच सांगाड्याची नौका बरी की दोन सांगाड्यांची कॅटमरान, कील, म्हणजे तळाखाली पाण्यात उतरणारा कणा, खोल चांगला की उथळ, या प्रश्नांवर मी इतके वाचले की मला प्रत्येक बाजूने ठाम मत देता येऊ लागले. कील खोल असेल तर नौका समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे चांगली चढते, पण उथळ खाडीत शिरत नाही. उथळ असेल तर खाडीत शिरते, पण वाऱ्याकडे जाताना खेकड्यासारखी तिरकी सरकते. असे दोन्हीकडून पटणारे मुद्दे हाती आले की निर्णय आणखी एक वर्ष पुढे नेता येतो.

याच अभ्यासात मला नौकेच्या वेगाचे सूत्र सापडले. पाण्याला टेकलेल्या भागाची लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि 1.34 ने गुणावे, म्हणजे नॉटमध्ये नौकेचा साधारण कमाल वेग येतो. ही लांबी 25 फूट असेल तर वेग 6.7 नॉट, म्हणजे ताशी जेमतेम साडेबारा किलोमीटर. याचे कारण असे की चालणारी नौका स्वतःच एक लाट निर्माण करते, वेग वाढेल तशी ती लाट लांबत जाते आणि अखेरीस नौका स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात बसते. ती चढून पलीकडे जाण्याचे बळ शिडांत नसते. हे वाचल्यावर मला नौकेविषयी सख्ख्या भावंडासारखी आपुलकी वाटू लागली. मी उत्साहाने पत्नीला सूत्र समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे सायकल हिच्या पुढे जाईल, असेच ना?"

उशिराचे समर्थन करण्यासाठी मला इतिहासाचाही आधार होता. जगाला एकट्याने शिडाच्या नौकेतून फेरी मारणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम 1895 मध्ये निघाला तेव्हा 51 वर्षांचा होता, त्याला पोहता येत नव्हते आणि वेळ पाहण्यासाठी त्याच्याजवळ एक डॉलरला घेतलेले, तबकडी फुटलेले घड्याळ होते. मलाही पोहता येत नसल्यामुळे एक अट तर पूर्ण झालीच होती. 51 वर्षांपर्यंत सवड आहे, असे मी घरात जाहीर करून टाकले. पुढे माझा 52 वा वाढदिवस आला आणि थोडी पंचाईत झाली. पण लवकरच असे कळले की जीन सॉक्रेटिस या ब्रिटिश बाईंनी 2019 मध्ये, वयाच्या 77 व्या वर्षी, एकटीने आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. मला एका क्षणात 25 वर्षांची मुदतवाढ मिळाली. हा आनंद मी दोन दिवस उपभोगला. तिसऱ्या दिवशी पत्नीने मला असे सांगितले की याच बाईंनी अशीच प्रदक्षिणा 2013 मध्ये एकदा पूर्ण केलेली होती, तेव्हा 77 हा त्यांच्या सुरुवातीचा आकडा नाही. "आणि अहो," ती पुढे म्हणाली, "येत्या रविवारी आपण एक नौका नुसती पाहून येऊ." 'नुसती' या शब्दाला मी फसलो.

नौकांच्या जाहिरातींची एक स्वतंत्र भाषा असते, हे तोवर मला उमगलेले नव्हते. 'प्रेमाने सांभाळलेली' म्हणजे जुनी, 'थोडी डागडुजी आवश्यक' म्हणजे मालकाने हात टेकलेले, आणि 'प्रवासाला सज्ज' म्हणजे मालक स्वतः प्रवासाला सज्ज असून त्याला ही नौका बरोबर न्यायची नाही. आम्ही पाहिलेली नौका 31 फुटांची होती. ती जमिनीवर टेकूंच्या आधाराने उभी होती. पाण्यात डौलदार दिसणारी नौका जमिनीवर किती प्रचंड आणि केविलवाणी दिसते, याची कल्पना समोर उभे राहिल्याखेरीज येत नाही. आत डिझेल, दमट गाद्या आणि जुना समुद्र यांचा मिळून एक वास होता. मी आत शिरताना कपाळ आपटले, बाहेर येताना डोक्याची मागची बाजू आपटली, आणि पत्नी मात्र दोन्ही वेळा सरळ उभी राहून आली-गेली, कारण केबिनची उंची नेमकी तिच्या मापाची होती. व्यवहार बहुधा तिथेच ठरला असावा.

विकत घेण्याआधी नौका तपासून देणारे सर्वेक्षक आले ते एक लहानशी हातोडी घेऊन. त्यांनी फायबरग्लासच्या सांगाड्यावर नाळेपासून सुकाणूपर्यंत टकटक करायला सुरुवात केली. ठणठणीत आवाज आला तर थर निरोगी आणि बद्द आवाज आला तर आत पाणी मुरलेले, असा त्याचा हिशेब असतो. पाठीवर बोटे ठोकणाऱ्या डॉक्टरांप्रमाणे तेही काही न बोलता अधूनमधून फक्त "हं" म्हणत, आणि प्रत्येक "हं" बरोबर माझा रक्तदाब एक पायरी चढत होता. तळाला फोड आलेले होते. वरच्या चकचकीत लेपातून पाणी हळूहळू झिरपून असे फोड येतात, असे त्यांनी सांगितले. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा 18 वर्षांच्या होत्या, आणि त्या दहा-पंधरा वर्षांत बदलाव्यात असा सर्वसाधारण संकेत आहे.

पण मला खरा धक्का भोकांनी दिला. नौकेला भोक नसावे, एवढे एक गृहीतक तरी मी इतकी वर्षे निर्धास्तपणे बाळगून होतो. प्रत्यक्षात तिच्या तळाला मुद्दाम पाडलेली नऊ भोके निघाली. इंजिन थंड करण्यासाठी पाणी आत घेणारे एक, मोरीचे एक, शौचालयाची दोन, असे करत आकडा नवावर गेला. प्रत्येक भोकावर एक झडप होती आणि त्यातल्या दोन झडपा उघड्या स्थितीत घट्ट बसलेल्या होत्या. झडप तुटली तर काय, असे मी विचारले. सर्वेक्षकांनी झडपेशेजारी सुतळीने बांधलेला मऊ लाकडाचा निमुळता गट्टू दाखवला. तो भोकात ठोकायचा. पाण्याने लाकूड फुगते आणि भोक बंद होते. एवढे उपग्रह आकाशात फिरत असताना महासागर आणि माझी गादी यांच्यामध्ये शेवटी एक लाकडी बूच उभे असते, ही माहिती मी त्या रात्री झोपेत पुन्हा पुन्हा ऐकत होतो.

अहवाल 40 पानांचा आला. मी तो वाचून मिटला आणि समाधानाने म्हणालो, "अगं, यातून तर स्पष्टच दिसते. पुढच्या वर्षी एखादी चांगली पाहू." पत्नीने तोच अहवाल चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, "यात ती बुडेल असे कुठेच लिहिलेले नाही." महिन्याभरात नौका आमच्या नावावर झाली, आणि 42 फुटांचे स्वप्न 11 फूट कापून वास्तवात बसवण्यात आले.

नौका विकत घेतली की दिरंगाई संपते, असा माझा आणि पत्नीचा दोघांचाही समज होता. उलट तिला आता पत्ता मिळाला. देखभालीवर दर वर्षी नौकेच्या किमतीचा साधारण दहावा हिस्सा जातो, असे जाणकार सांगतात. त्यात माणसाच्या पाठीचा किती हिस्सा जातो ते कोणी सांगत नाही. नौकेतला प्रत्येक नट अशा जागी असतो की जिथे हात पोहोचतो तिथे नजर पोहोचत नाही आणि नजर पोहोचते तिथे पाना वळत नाही. एक झडप बदलायला गेलो तर नळी तुटली, नळी बदलायला गेलो तर फळी काढावी लागली, आणि फळीखाली जे दिसले त्यासाठी ती परत बसवली. स्लोकमने शेतात टेकू लावून ठेवलेली मोडकी नौका 13 महिन्यांत जवळजवळ नव्याने बांधली आणि सामानाचा खर्च 553 डॉलर 62 सेंट आला, असे त्याने लिहून ठेवले आहे. मला 14 महिने झाले तरी रंगाची छटा ठरत नव्हती आणि हिशेबाची वही तर मी स्वतःपासूनही लपवून ठेवली होती. अखेर पत्नीने परस्पर क्रेनची तारीख ठरवली.

पट्ट्यांत लोंबकळणारी नौका पाण्याला टेकली तेव्हा मी आत नऊ भोकांपाशी आळीपाळीने गुडघे टेकून बसलो होतो. भोके कोरडी होती. इंजिन सुरू केल्यावर नौका ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथे मात्र थेंब पडू लागले आणि मी गट्टू घेऊन धावलो. मेकॅनिकने माझा हात धरला. या जुन्या पद्धतीच्या जोडात दांडा फिरत असताना मिनिटाला काही थेंब गळायलाच हवेत. गळले नाहीत तर काळजी करायची. यंत्रशास्त्राचा हा नियम मी अजून पचवतो आहे.

त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत सन्मानाचे होते, कारण समुद्रावर लांबणीवर टाकण्याला शहाणपण म्हणतात. वारा जास्त असेल तर थांबावे, धुके असेल तर थांबावे, भरती-ओहोटी विरुद्ध असेल तर थांबावे; अनुभवी खलाशी माझ्या प्रत्येक माघारीला मान डोलावत होते. जन्मभर ज्या गुणाची घरात हेटाळणी झाली त्याची अशी कदर होताना पाहून मी भारावून गेलो. चौथ्या आठवड्यात मात्र अंदाज बोफोर्ट प्रमाणानुसार 3 चा, म्हणजे 7 ते 10 नॉटच्या सौम्य वाऱ्याचा आला, आकाश लख्ख होते आणि सांगण्यासारखे काही उरले नाही. सात सागरी मैलांवरच्या खाडीकडे आम्ही निघालो.

पहिला तासभर सगळे पुस्तकातल्यासारखे झाले. इंजिन बंद केल्यावर जी शांतता पसरली तिच्यासाठी मी 21 वर्षे थांबलो होतो, आणि ती अपेक्षेपेक्षा चांगली होती. मग अंदाजाला न विचारता वारा वाढला. लाटांवर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला, नौका कलली, केबिनमध्ये काहीतरी जड वस्तू एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली आणि सुकाणू माझ्या हातातून निसटू पाहू लागले. अशा वेळी मोठ्या शिडाची खालच्या बाजूने घडी घालून ते लहान करतात, त्याला रीफ घेणे म्हणतात. दर्यावर्दी लोकांत असे सांगतात की रीफ घ्यावा का, हा विचार मनात आला की घेण्याची वेळ झालेलीच असते. हे वाक्य मी अभ्यासाच्या दुसऱ्याच वर्षी वहीत लाल शाईने लिहून ठेवलेले होते.

"अहो, रीफ घ्यायचा का?" पत्नीने विचारले.

"पाच मिनिटे वाट पाहू," मी म्हणालो, "मग ठरवू."

मी हे म्हणेपर्यंत तिने शिडाचा दोर सैल सोडलेला होता.