भिंतीतल्या माइकने लंडन वाचवलं?

"इंग्रजांनी जर्मन जनरलना बंगल्यात ठेवलं, व्हिस्की पाजली, भिंतीत माइक लपवले. एका गप्पेतून रॉकेटचा पत्ता लागला आणि लंडन वाचलं. कुणाला चापटही मारावी लागली नाही." हा मजकूर दर दोन-चार महिन्यांनी फिरत येतो. बंगला खरा: लंडनच्या उत्तरेला, ट्रेंट पार्क. दुसऱ्या महायुद्धात पकडलेले जर्मन जनरल तिथे ठेवले होते. माइकही खरे, दिव्यांत, शेकोटीत लपवलेले. पुढचं बरंच सैल आहे.

आधी ती गप्पा. २२ मार्च १९४३ ला जनरल फॉन थोमा जनरल क्र्यूव्हेलला सांगत होते, आपण लंडनजवळच आहोत, तरी मोठा स्फोट ऐकू येत नाही, म्हणजे रॉकेटचं काम कुठेतरी अडलंय. ब्रिटिशांचे कान टवकारले हे खरं. पण पेनेम्युंडेचा, म्हणजे जर्मनांच्या रॉकेट-चाचणी केंद्राच्या ठिकाणाचा, उल्लेख नोव्हेंबर १९३९ मध्येच ओस्लोहून आलेल्या निनावी टिपणात होता, आणि हवाई फोटोही आधीच काढले गेले होते. थोमांनी जुन्या कागदांवरची धूळ झटकली, इतकंच.

'लंडन वाचलं'? ऑगस्ट १९४३ मध्ये जवळजवळ ६०० विमानांनी पेनेम्युंडेवर बॉम्ब टाकले, कार्यक्रम लांबला. तरी ८ सप्टेंबर १९४४ ला पहिलं व्ही-२ रॉकेट लंडनच्या चिझिकमध्ये पडलंच.

शिवाय माइक आपोआप काही ऐकत नव्हता. हेडफोन लावून पाळीपाळीने बसायचे ते बहुतेक नाझींपासून जीव वाचवून आलेले जर्मन-ज्यू निर्वासित. कामाचं काही कानावर पडलं की ते मुद्रित करायला तबकडीवर सुई टेकवायची, मग शब्दन्‌शब्द उतरवायचा. कैद्यांची तोंडं ते बघत नसत, आवाजावरून ओळखत. आणि कैदी म्हणजे फक्त जनरल नव्हेत. ट्रेंट पार्क आणि अशाच इतर केंद्रांतल्या दहा हजारांहून जास्त जणांत पाणबुडीवरचे खलाशी आणि वैमानिकच बहुसंख्य. बोलकं करायला खोटा 'लॉर्ड', म्हणजे उमरावाचं सोंग घेतलेला ब्रिटिश अधिकारी, ठेवला होता, आणि कैद्यांत मिसळलेले फितूरही. मला तर माइकपेक्षा हा लॉर्डच भारी वाटतो.

चापटीचं म्हणाल तर लंडनमधल्याच 'लंडन केज' या चौकशी केंद्रात मारहाणीचे आरोप झाले. युद्धानंतर जर्मनीतल्या बाड नेनडॉर्फच्या ब्रिटिश केंद्रातली छळाची प्रकरणं तर लष्करी न्यायालयापर्यंत गेली.

त्या निर्वासितांच्या कानांवर ज्यूंच्या कत्तलींच्या कबुल्याही पडल्या होत्या. त्या न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्हे खटल्यांत पुरावा म्हणून आल्या नाहीत. पद्धत उघड होऊ नये म्हणून हे कागद १९९० च्या दशकापर्यंत बंदच राहिले.