मेबलची तोंडं

चहा यायच्या आतच वकिलानं मोबाइल आमच्या नाकापुढं फिरवला. मुलाकडं डॅलसला तीन महिने राहून आला होता. फोटोत लाल-गुलाबी दगड, कोपऱ्यांवर बुरूज, मधोमध घड्याळाचा उंच मनोरा.

"राजेहो, हा राजवाडा नाही. एलिस काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं, कोर्ट आहे, अमेरिकेतल्या टेक्सासातलं. गाव वॉक्सहॅची. 1897 साली पुरं झालं."

"खेड्यात एवढं? काहून?" मी विचारलं.

"कापूस!" मास्तर लगेच. "तिथं कापसानं हे उभं केलं. आपण यवतमाळवाले, आपल्या कापसानं काय उभं केलं ते नको सांगू."

वकिलानं विषय वळवला. खांबांच्या माथ्यावर बायकांचे चेहरे कोरलेत. म्हणे हॅरी हर्ली नावाचा पाथरवट, राहायला होता त्या घरच्या मेबल फ्रेमवर भाळला. आधी तिचा चेहरा सुंदर कोरला. ती भाव देईना, तसतसा विद्रूप करत गेला.

"साक्षीदार कोण?" इंजिनीअरनं विचारलं. वकिलालाच हा प्रश्न!

"कोणीच नाही. इतिहासकार मानत नाहीत. असल्या शैलीच्या इमारतींवर वेडीवाकडी तोंडं कोरायची पद्धतच होती."

"मग दंतकथा सोड," इंजिनीअर म्हणाला, "इमारतीचा नकाशा बघ. जेम्स राईली गॉर्डन या वास्तुविशारदाचा आहे. इमारत फुलीसारखी, दरवाजे फुलीच्या खाचांत, मधे जिना, त्यावर मनोरा. तापलेली हवा जिन्याच्या पोकळीतून वर चढून मनोऱ्यातून बाहेर. एसी नसलेल्या काळात टेक्सासचा उन्हाळा असा काढायचे. याच साच्यातलं जवळपास जुळं कोर्ट टेक्सासातल्याच डेकेटरला आहे."

"तुमची हवा बघायला कोण जातं?" मास्तर उसळले. "लोक मेबलसाठी जातात, म्हणून इमारत टिकली!"

हे मला पटलं नाही. 1999 पासून टेक्सास सरकारनं जुनी कोर्टं दुरुस्त करायला पैसा दिला, तो काय मेबलच्या तोंडाकडं बघून? राज्यात काउंट्याच 254. पण मास्तरांपुढं बोलतो कोण! आणि खरं सांगायचं तर मलाही आधी चेहरेच बघायचे होते.

मास्तरांनी मोबाइल हिसकावला, एकेक तोंड मोठं करून पाहिलं. "यातली पहिली कोणती बे? आणि शेवटची?"

वकील घुटमळला. फोटो काढताना तो इमारतीला उलटा वळसा घालून आला होता.