कुंदाची कांदेनवमी

आमच्या घरी जेवताना पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला, तर वाढणारा बोटांच्या फटीतून आमटी सोडतो. बेळगावच्या शहापुरात आमच्या तीन पिढ्या गेल्या आणि तिन्ही पिढ्यांत 'नको' या शब्दाचा अर्थ 'थोडंसं वाढा' असाच चालत आलाय. अशा घरात लेकीनं गिनी पिग आणला. तिच्या मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली, म्हणून पिंजरा, पाण्याची बाटली, अर्धं पोतं वाळलेलं गवत आणि हा 900 ग्रॅमचा ऐवज एका रविवारी रिक्षातून दारात उतरला.

रंग खरपूस आटवलेल्या कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, म्हणून नाव कुंदा. मैत्रिणीनं मादी म्हणून दिला होता, निघाला नर. नाव तेवढं दोन्हीकडं चाललं. पण दूध, खवा, साखर यातलं काहीच त्याच्या पोटाला पेलत नाही, म्हणजे कुंदाला कुंदा चालत नाही. ही गोष्ट आमच्या गावात मोठ्यानं बोलायची सोय नाही.

पिंजऱ्याबरोबर वहीचा एक कागद आला होता. वर लाल शाईत 'देऊ नये'. कांदा, लसूण, कांद्याची पात. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेट, चहा, कॉफी. बटाटा, त्यातही हिरवी सालं आणि कोंब. टोमॅटोचा पाला, कच्चा राजमा, सफरचंदाच्या बिया, अवाकाडो. या शेवटच्या शब्दापाशी बायकोनं सुस्कारा सोडला, "एक तरी काळजी मिटली. आपल्याकडं कुठला आलाय अवाकाडो!" दोन महिन्यांनी कळलं, की अवाकाडो म्हणजे आपलं बटर फ्रूट. दर शनिवारी ज्यूसवाल्याकडं ज्याचं मिल्कशेक पितो आणि येताना एक फळ पिशवीत टाकून आणतो, तेच.

आणि कागदाच्या तळाशी, चौकटीत: याला उलटी होत नाही.

हे वाचून मी जरा वेळ गप्प बसलो. कुत्रं, मांजर, माणूस भलतंसलतं खाल्लं तर ओकून मोकळं होतं. गिनी पिग, ससा, उंदीर यांना ती सोयच दिलेली नाही. आत गेलं ते पुढंच जाणार. "म्हणजे आपल्या पाहुण्यांसारखंच," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

पहिल्या महिन्यात त्याची नखं दाखवायला जनावरांच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर कन्नड, अर्धं आयुष्य म्हशींत गेलेलं. टेबलावर म्हशीऐवजी हे एवढंसं बघून त्यांनी आधी चष्मा पुसला. पण माहिती पक्की. बोट उभारून म्हणाले, "उळ्ळागड्डी ब्याड. बळ्ळोळ्ळी ब्याड. चॉकलेट ब्याड." उळ्ळागड्डी म्हणजे कांदा, बळ्ळोळ्ळी म्हणजे लसूण. आता कन्नडात ब्याड म्हणजे नको आणि इंग्रजीत बॅड म्हणजे वाईट. ते कुठल्या भाषेत बोलत होते हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळायची गरजही पडली नाही. 'नको'ला आमच्या घरात धार राहिली नव्हतीच. त्या दिवसापासून कुंदापुरता 'ब्याड' हा शब्द लागू झाला.

फ्रिजवर यादी लागली, मराठीत आणि कामाला येणाऱ्या अक्कांसाठी कन्नडात. दुकानाच्या पाटीवर कन्नड 60 टक्के लागतं. फ्रिजचा कायदा अजून झालेला नाही, म्हणून कुठली भाषा वर यावरून वाद झाला नाही. बेळगावात याची नोंद व्हायला हवी.

गवत संपलं तेव्हा खानापूरकडच्या चुलतभावाला फोन केला. त्याच्याकडं म्हशी आहेत. म्हणाला, "लसूणघास पाठवतो की पोतंभर." बायकोनं हातातून फोन ओढला, "लसूण ब्याड!" मी तिला समजावलं, की लसूणघासात लसूण नसतो. ते ल्यूसर्न, आपल्या लोकांच्या तोंडात त्याचं लसूण झालं. मग कागद पाहिला. वाढ पुरी झालेल्या गिनी पिगला तेही रोज द्यायचं नाही. त्यात कॅल्शियम फार, मुतखडा धरतो. परत फोन घेतला. "दादा, त्यात लसूण नाही हे कळलं. पण तरी नको."

"लसूण न्हाई म्हणून नको?"

"तू कोवळ्या ज्वारीत बैल सोडतोस काय?"

"खुळा काय? मरंल की."

"मग हे तसंच."

हे त्याला लगेच पटलं. साधं वाळलं गवत आलं. गुरं पाळणाऱ्या माणसाला विष समजावून सांगावं लागत नाही, अडचण पाहुणचार करणाऱ्यांची असते. आणि पाहुणचारात आमच्या निपाणीच्या आत्तीचा हात कुणी धरू शकत नाही.

आत्ती आषाढात आली. नवमीला कांदेनवमी करायची, एकादशीला उपास धरायचा आणि मग चार महिने कांदालसणाला हात लावायचा नाही, असा तिचा शिरस्ता. दारातच पिंजरा दिसला.

"हे काय गा?"

"गिनी पिग."

"डुक्कर?"

"नव्हे आत्ती. हे मूळचं पेरूचं."

"पेरू खातंय?"

"खातंय थोडा. पण हा पेरू म्हणजे देश." लेकीनं मध्येच सांगून टाकलं, की तिकडं लोक यालाच भाजून खातात. आत्तीनं पदर तोंडाला लावला आणि त्या क्षणापासून कुंदा तिच्या पोटात शिरला. अशा देशातून सुटून आलेल्या जिवाला काहीतरी चांगलंचुंगलं भरवणं हे तिचं कर्तव्यच झालं.

कांदेनवमीचा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. सकाळपासून परातभर कांदा. भजी, थालीपीठ, कांद्याची पीठपेरणी, पातीचा झुणका. आम्ही तिघांनी पाळ्या लावल्या. मी पिंजऱ्यापाशी बसायचो, लेक आत्तीच्या मागं आणि बायको परातीवर. तरी दुपारी आत्ती भाकरीच्या तुकड्याला तांबडी लसणीची चटणी लावून पिंजऱ्यापर्यंत पोचलीच. "ब्याड!" तिघं एकदम ओरडलो. आत्ती दुखावली. तेवढ्यात कुंदानं मान मागं वळवली आणि स्वतःची मऊ लेंडी स्वतःच तोंडानं उचलून खाल्ली. हा त्याच्या जातीचा रिवाज आहे. एकदा पचवून सुटलेलं पोषण परत मिळवायची ती रीत. पण आत्तीला हे सांगायचं कसं? ती हातातल्या तुकड्याकडं बघत राहिली, कुंदाकडं बघत राहिली.

"स्वतःचं ते खाऊलंय, आणि माझी चटणी ब्याड?"

याला उत्तर नव्हतं. अजून नाही.

एकादशीला आम्ही निर्धास्त झालो. घरात कांदा नाही, लसूण नाही. पाळ्या बंद. आत्ती उपासाची भाजी करायला बसली आणि बटाटी निघाली पावसाळ्यातली, ओलीनं हिरवी पडलेली, डोळ्याडोळ्यांतून कोंब फुटलेली. तिनं ती नीट सोलली, कोंब खुडले, आणि सालं म्हशीला घालतात तशी मायेनं कुंदापुढं ठेवली. यादी फ्रिजवर होती, पण तिचं लक्ष कांद्यावर. कांदा न्हाई दिला म्हंजे झालं.

एरवी कोथिंबिरीची पिशवी चुरचुरली की कुंदा 'वीऽक वीऽक' करून घर डोक्यावर घेतो. माणसासारखंच त्याच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून रोज कोथिंबीर आणि ढोबळी मिरचीचा तुकडा. देठ तो टोकाकडून धरतो आणि शिवणयंत्राखाली कापड सरकावं तसा तो एका लयीत आत सरकत जातो. शेवटी पानांचा झुबका मिशीसारखा उरतो, मग तोही जातो. त्या संध्याकाळी पिशवी चुरचुरली आणि आवाज आला नाही. कोपऱ्यात अंग फुलवून बसलेला. पिंजऱ्यात लेंडी नाही. कडेला अर्धवट कुरतडलेलं हिरवं साल.

"आत्ती?"

"कांदा न्हाई दिला मी," आत्ती म्हणाली आणि रडायलाच लागली. माणसांच्या औषधांच्या डब्यातून तिनं तापाच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची गोळी काढली, "अर्धी करून घालूया?" ती मी खिशात टाकली आणि भर पावसात पिंजरा घेऊन निघालो. डॉक्टरांनी दोन बोटांनी पोट चाचपलं, सुई दिली, पोटातल्या वायूचं औषध दिलं. खिशातली गोळी बघितल्यावर मात्र त्यांचा आवाज चढला. पेनिसिलिनच्या कुळातली गोळी पोटात गेली तर गिनी पिगच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि मागोमाग तोही. "ब्याड, ब्याड!" हे दोन्ही भाषांतलं होतं. मग मऊ आवाजात म्हणाले, आतडं रिकामं राहिलं की बंद पडतं. त्याच्या खाद्याचे दाणे भिजवून पातळ करा, बिनसुईच्या सिरिंजनं थोडं थोडं भरवा, आणि लेंड्या मोजा.

म्हणजे आयुष्यभर ज्याचा सराव केला तेच काम निघालं. समोरचा नको म्हणतोय आणि आपण भरवायचं. आत्तीनं पदर खोचला. कुंदाला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं, सिरिंजचं टोक दातांच्या बाजूनं आत सरकवलं आणि एकेक थेंब सोडत राहिली. त्यानं मान फिरवली की तीही हात फिरवायची, जेवायला बसलेल्या जावयापुढं फिरवतात तसा. "एवढं तरी घे. माझ्यासाठी घे." लेक वही घेऊन लेंड्यांच्या हिशेबाला बसली होती. वहीत बारा वाजता शून्य, दोन वाजता शून्य. बाहेर पन्हाळीतून पाणी कोसळत होतं आणि आम्ही चौघं एका प्राण्याच्या मागच्या बाजूला बॅटरी मारून बसलो होतो.

पहाटे चारला आत्ती किंचाळली, "आली गा, आली!"

तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, काळी. मागोमाग दुसरी. लेकीनं वहीत 2 लिहून खाली दोन रेघा ओढल्या. आत्ती उठली, गुडघे धरत स्वयंपाकघरात गेली आणि साखरेचा डबा घेऊन आली. माझ्या हातावर चिमूट, बायकोच्या हातावर चिमूट, लेकीच्या तोंडात चिमूट. द्वादशी उजाडायच्या आधीच उपास सुटला. मग चौथी चिमूट बोटांत धरून ती पिंजऱ्याकडं वळली.

"आत्ती, ब्याड!"